परदेशी बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

व्हिसा हातात पडला की सगळं झालं, असं धरून बरेचजण चालतात. प्रत्यक्षात मुंबईत राहून गेलेलं प्रत्येक काम तिकडून करताना कित्येक पट वेळ खातं, कारण आपल्याकडची बँक, निबंधक कार्यालय आणि सोसायटी तीनच गोष्टी मागतात: सही, अंगठा आणि ओटीपी. तिन्ही तुमच्याबरोबर विमानात बसून निघून जातात. म्हणून या वेळच्या उत्तरांत ‘निघण्यापूर्वी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येईल. तो मनावर घ्या.

प्रश्न : मुलगी पुढच्या ऑक्टोबरात एम.एस.साठी जर्मनीला जाईल. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर शेवटी. जन्मदाखल्यावर तर नावच नाही, नुसतं ‘स्त्री’ असं लिंग लिहिलंय. एजंट म्हणतो सगळ्याला अपोस्टिल (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) करून टाका. करावं का? (एक पालक, गिरगाव)

उत्तर : आधी जन्मदाखला. मुंबईत जन्मलेल्या अनेकांच्या जुन्या दाखल्यांवर नाव नसतं, कारण नोंद प्रसूतिगृहातून झाली तेव्हा बारसंच व्हायचं होतं. ज्या विभागात जन्म झाला, त्या महापालिका विभाग कार्यालयात ‘नाव समाविष्ट करणे’ हा अर्ज करावा लागतो. आजच्या राहत्या पत्त्याचा विभाग इथे चालत नाही. मुलगी गिरगावात वाढली पण जन्म परळच्या रुग्णालयातला असेल, तर परळचाच विभाग. नाव चढलं की नवा दाखला घ्या आणि त्याच्या तीन-चार प्रती एकदमच काढा.

आडनाव आधी असण्यात चूक काही नाही, ती आपल्या बोर्डाची पद्धत आहे. गोंधळ होतो तो परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरताना. मुलं गुणपत्रिका समोर ठेवून पहिला शब्द पहिल्या नावाच्या रकान्यात टाकतात आणि आडनावच नाव होऊन बसतं. मग प्रवेशपत्र एका नावाचं, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा. नियम एकच ठेवा: अर्ज, विमा, तिकीट, बँक, सगळीकडे पासपोर्टवर जे रकाने आहेत तसंच्या तसं. वडिलांचं नाव पासपोर्टवर ‘दिलेल्या नावा’च्या रकान्यात असेल, तर तेही प्रत्येक ठिकाणी त्याच रकान्यात. कंटाळून गाळू नका.

स्पेलिंगचा फरक मात्र वेगळा. लक्ष्मी एका कागदावर ‘एक्स’ने आणि दुसऱ्यावर ‘केएसएच’ने, वाघमारे कुठे ‘व्ही’ने कुठे ‘डब्ल्यू’ने. असा एखाद्या अक्षराचा फरक असेल, तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी पुरतं. पूर्ण नावच बदललेलं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणावा लागतो. त्याआधी एक हिशेब करा: कुठला एक कागद बदलला की बाकीचे सगळे जुळतील? तोच बदला. दोन कागद एकाच वेळी बदलायला घेतले की दोन्ही अडकतात, कारण एकाच्या दुरुस्तीसाठी दुसरा पुरावा म्हणून मागतात.

आता अपोस्टिल. भारत २००५मध्ये अपोस्टिलच्या करारात सामील झाला, पण जर्मनीने भारताच्या बाबतीत हरकत घेतलेली आहे. म्हणजे भारतातलं अपोस्टिल जर्मनीला लागू पडत नाही. तिथल्या कार्यालयाला जन्म किंवा विवाह दाखल्याबद्दल शंका आली, तर जर्मन वकिलातीमार्फत त्याची वेगळी पडताळणी होते. एजंटला सरसकट पैसे देऊ नका. मुलीला लागेल ते ए.पी.एस. प्रमाणपत्र, म्हणजे तिचे शिक्षणाचे कागद खरे असल्याची जर्मन बाजूने झालेली पडताळणी. नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते जर्मन विद्यार्थी-व्हिसासाठी सक्तीचं आहे. त्यासाठी गुणपत्रिकांचे पूर्ण संच लागतात, एटीकेटीच्या सत्रांसकट. विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट लागणार असेल, तर कलिन्याला, मुंबई विद्यापीठात, अर्ज आजच करा आणि बंद लिफाफ्यातल्या दोन प्रती जास्तीच्या मागा. लिफाफा घरी उघडला की तो बाद.

प्रश्न : जर्मनीच्या विद्यार्थी-व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं, दरमहा ठरावीक रक्कमच सुटणारं खातं) किती पैसे भरायचे? बँकेत म्हणतात टीसीएस लागेल. हा जादा कर आहे का? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : १ सप्टेंबर २०२४पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. अर्ज करण्याआधी आकडा पुन्हा तपासा, तो मधूनमधून वाढतो. रक्कम पाठवताना वरखर्चासाठी शंभरएक युरो जास्त पाठवा. मधल्या बँकेने आपली कात्री लावली आणि खात्यात ११,८८० पोचले, तर खातं अपुरं धरलं जातं आणि उरलेल्या चोवीस युरोंसाठी पुन्हा पाठवणीचा खर्च येतो.

टीसीएस म्हणजे आगाऊ घेतलेला कर. एका आर्थिक वर्षात एका पॅनवरून परदेशी पाठवलेली रक्कम १० लाखांच्या वर गेली, तरच वरच्या भागावर तो लागतो (१ एप्रिल २०२५पासूनची मर्यादा), आणि विवरणपत्र भरताना तो वळता होतो. मान्यताप्राप्त संस्थेचं शैक्षणिक कर्ज असेल तर लागतच नाही. आई आणि वडील दोघांच्याही खात्यांतून पैसे गेले, तर दोघांना वेगवेगळी मर्यादा मिळते. पण ज्याचे पैसे आहेत त्यानेच पाठवावेत. नुसता कर टाळण्यासाठी फिरवाफिरव करू नका.

यात सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते पहिल्या महिन्याकडे. ब्लॉक्ड अकाउंटमधला मासिक हप्ता जर्मनीत चालू खातं उघडून ते जोडल्यावरच सुटतो. मधे तीन-चार आठवडे जातात, आणि खोलीची अनामत त्याच दिवसांत द्यायची असते. म्हणून फॉरेक्स कार्डावर किमान १,५०० ते २,००० युरो वेगळे असू द्या. रोख नोटा एका प्रवासात ३,००० डॉलर मूल्यापर्यंतच नेता येतात, आणि तेवढ्याही नेऊ नका.

आरोग्यविम्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी विमा सवलतीत मिळतो. स्वस्त दिसतो म्हणून प्रवेशाच्या वेळी खासगी घेतला, तर शिक्षण संपेपर्यंत सरकारीत परत येता येत नाही. पहिल्या वर्षी वाचलेले युरो पुढे दाताच्या एका उपचारात निघून जातात.

प्रश्न : आम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. यजमानांना ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा युरोपीय परवाना) जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी मिळाली आहे. पहिल्या महिन्यात काय, कोणत्या क्रमाने करायचं? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : स्टुटगार्ट १९६८पासून मुंबईचं भगिनी शहर आहे. नातं जुनं असलं तरी भाड्याचं घर मिळणं तिथे कठीणच. तुमचा प्रश्न क्रमाचा आहे हे बरं झालं, कारण जर्मनीत खरा घोळ क्रमाचाच होतो. एक कागद दुसऱ्याच्या पोटात असतो.

सगळ्यात तळाशी घर. घर भाड्याने घेतल्यावर मालकाकडून दोन गोष्टी घ्यायच्या: भाडेकरार आणि ‘हे लोक इथे राहायला आले’ असं त्याच्या सहीचं पत्र. या पत्राला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग म्हणतात. हे पत्र नसेल तर पुढचं काहीच होत नाही. म्हणून पहिल्या महिन्यासाठी तात्पुरती जागा घेतानाच विचारा: ‘इथे पत्त्याची नोंदणी करता येईल का?’ सुट्टीसाठी दिलेल्या बऱ्याच खोल्यांत ती करू देत नाहीत.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा, म्हणजे आनमेल्डुंग. तिघांचे पासपोर्ट, विवाह दाखला, मुलीचा जन्मदाखला, मालकाचं पत्र, भरलेला अर्ज. कार्यालयाची वेळ आठवडेच्या आठवडे मिळत नाही, तेव्हा मुंबईत असतानाच संकेतस्थळावर वेळ शोधायला लागा. सकाळी लवकर बघा. रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात. दोन आठवड्यांत वेळ मिळालीच नाही, तर प्रयत्न केल्याचा पुरावा जपून ठेवा.

नोंदणीनंतर करक्रमांक टपालाने घरी येतो, आणि इथे मुंबईकर हमखास अडकतात. आपल्याकडे पोस्टमन खोलीचा नंबर बघतो, शेजाऱ्याला विचारतो. तिथे टपाल पेटीवरच्या नावावर पोचतं, फ्लॅटला नंबर असेलच असं नाही. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं, आणि त्या पत्रांत करक्रमांक, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड सगळं असतं. किल्ली मिळाल्या दिवशी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहून पेटीला आणि घंटीला चिकटवा. पोटभाडेकरू असाल तर पत्त्यात मुख्य भाडेकरूचं नाव ‘मार्फत’ म्हणून लिहायला सांगा. करक्रमांक नसेल तर कंपनी पगारातून सगळ्यात जड, सहाव्या वर्गाचा कर कापू शकते. जास्तीचा कर नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्यांतच हात आखडतो.

व्हिसा मर्यादित काळाचा असतो, त्यामुळे परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ आनमेल्डुंग झाल्या दिवशीच मागा. व्हिसा संपण्यापूर्वी अर्ज दाखल झालेला असेल, तर तोवरच्या कायदेशीर वास्तव्याचा तात्पुरता कागद मिळतो. त्या कागदाच्या प्रकारानुसार परदेशप्रवास करून परत येता येतं किंवा येत नाही. गणपतीला मुंबईला यायचं तिकीट काढण्याआधी हे विचारून घ्या.

भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात तापवणी, पाणी, इमारतीचा खर्च धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याच्याही बाहेर. अनामत कायद्याने तीन काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि तीन समान हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. दर घराला दरमहा १८.३६ युरो प्रसारण-शुल्क लागतं, घरात टीव्ही असो वा नसो. त्याचं पत्र आलं की फसवणूक समजून टाकून देऊ नका. खरी फसवणूक वेगळीच असते: ‘मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरियरने येईल.’ घर कुणीतरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक युरो देऊ नका.

रिकाम्या घरात स्वयंपाकघराचा ओटा, कपाटं, शेगडी, इतकंच काय दिव्याचे होल्डरही नसू शकतात. जाहिरातीत ‘स्वयंपाकघरासह’ असं लिहिलंय का ते वाचा. आणि थंडीत खिडक्या बंद ठेवून घरात कपडे वाळत घालू नका. दमट हवा थंड भिंतीला लागून पाणी होते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. घर सोडताना मालक ते अनामतीतून वळते करतो. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटांनी बंद करायच्या, हाच तिथला रिवाज आहे. करारातही बहुधा लिहिलेला असतो.

विमा: तुमच्या यजमानांनी सरकारी योजना घेतली तर तुम्ही कमवत नसेपर्यंत तुम्ही आणि मुलगी वेगळा हप्ता न देता त्यात येता. खासगीत प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. तिघांच्या घराला आम्ही सरकारीच सुचवू. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षा लागत नाही आणि नोकरीची परवानगी पहिल्या दिवसापासून असते. परीक्षा लागत नाही म्हणून भाषा लागत नाही असं नव्हे. बालवाडीतल्या बाईंशी बोलायला तरी लागतेच.

मुलीसाठी लसीकरणाचं कार्ड. मार्च २०२०पासून जर्मनीत बालवाडीत जाण्यासाठी गोवराच्या लसीचे दोन डोस झाल्याचा पुरावा सक्तीचा आहे. आपल्याकडे गोवर-रुबेला किंवा एमएमआर नावाने नोंद असते. कार्डावर तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का दोन्ही स्पष्ट हवेत. फिकट झालं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्या. गाडीत बाराव्या वर्षापर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत बाळाचं आसन लागतं, आणि टॅक्सीतून जातानाही हा विचार करावा लागतो. विमानतळावरून घरी कसं जायचं ते त्याप्रमाणे ठरवा.

प्रश्न : मुलगा दहावी, मग आयटीआयमधून एसी मेकॅनिक. एजंट दुबईची नोकरी देतो म्हणतो, दीड लाख मागतो. आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ असं सांगतो. पाठवू का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : या एजंटामार्फत पाठवू नका. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. भारतात नोंदणीकृत भरती-एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, म्हणजे १८ टक्क्यांनी ३५,४००. तेही पावती देऊन, बँकेतून. शिवाय अमिरातीच्या कामगार कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मालकाने सोसायचा असतो. आणि व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे. पकडला गेला तर दंड मुलाला, एजंटाचा फोन बंद.

एजंटाचा नोंदणी क्रमांक केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नाव जुळलं तरी पत्ताही जुळवा. दुसऱ्याच्या परवान्यावर धंदा करणारे पुष्कळ आहेत. खात्री करायची असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं (परदेशी जाणाऱ्या कामगारांचं हित पाहणारा सरकारी अधिकारी) कार्यालय आहे, तिथे कागद घेऊन जा. मुलगा दहावी पास असल्याने त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ हा शेरा नसायला हवा. चुकून असेल तर दहावीचं प्रमाणपत्र दाखवून पासपोर्ट आधी बदलून घ्या. ज्यांचा ईसीआर आहे त्यांना आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते आणि प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, संरक्षण १० लाखांचं.

खरी नोकरी असेल तर मालकाकडून अमिरातीच्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं नियुक्तीपत्र निघण्यापूर्वी येतं. ते हिंदीतही मागता येतं. त्यात एकूण पगाराआधी मूळ पगार बघा. समजा एकूण २,५०० दिरहॅम. मूळ १,००० आणि बाकी भत्ते असतील, तर वर्षभराच्या नोकरीची ग्रॅच्युइटी २१ दिवसांच्या मूळ पगाराने ७०० दिरहॅम होते. मूळ १,८०० असेल तर तीच १,२६०. सुरुवातीला नीट न वाचलेला हा आकडा पाच वर्षांनी घरी परतताना कळतो. राहण्याची जागा, जेवण, विमानभाडं कुणाचं हेही त्याच कागदावर हवं. तोंडी आश्वासन धरू नका. चाचणीकाळ सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि मालकाला पासपोर्ट स्वतःकडे ठेवता येत नाही.

एसीचं काम म्हणजे गच्चीवरचं काम. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करवून घ्यायला बंदी आहे. मुलाला हे माहीत असू द्या.

अमिराती अपोस्टिलच्या करारात नाही. आयटीआयचं प्रमाणपत्र लागणार असेल तर क्रम असा: राज्य शासनाची पडताळणी, मग भारताचं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, आणि शेवटी तिकडे त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. मधली पायरी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न : नोकरीसाठी कॅनडाला जातोय. मुलुंडचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. बँक, कर, सोसायटी, काय काय करावं लागेल? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : नोकरीसाठी देश सोडल्यावर तुमचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करायचं. भारतातलं उत्पन्न, म्हणजे फ्लॅटचं भाडंही, एनआरओमध्येच येतं. तिकडची कमाई इकडे पाठवायला एनआरई हे अनिवासींचं दुसरं खातं. त्यावरचं व्याज भारतात करमुक्त. एनआरईत आई किंवा बायको जोडायची असेल तर ‘पहिला किंवा हयात’ या पद्धतीने. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू राहतं, पुढे वाढवता येत नाही, नवं उघडता येत नाही. म्युच्युअल फंडाच्या केवायसीत स्थिती बदला, पण त्याआधी विचारा: कॅनडा आणि अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांना अनेक फंड कंपन्या नवीन पैसे टाकू देत नाहीत.

निघण्याच्या तारखेवर मोठी रक्कम अवलंबून असते. नोकरीसाठी जाणारा माणूस त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर तो त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत निघालात तर कॅनडातला पगार भारतीय विवरणपत्रात येत नाही. ऑक्टोबरात निघालात तर येतो, आणि मग दोन देशांच्या करांचा मेळ घालत बसावं लागतं. कंपनी तारीख विचारत असेल तर दसऱ्यानंतर निघू म्हणण्याआधी हे मोजा.

भाड्यावर भाडेकरूने कर कापायचा असतो हे भाडेकरूला माहीत नसतं आणि घरमालक सांगत नाही. मालक अनिवासी असेल तर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कपात. ५० हजारांच्या भाड्यातले १५,६०० भाडेकरू सरकारला भरेल आणि तुम्हाला ३४,४०० देईल. वर्षाला १,८७,२०० रुपये अडकले. प्रत्यक्ष कर किती? सहा लाख भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की उरतात ४ लाख २० हजार. दुसरं उत्पन्न नसेल तर २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत त्यावर उपकरासह १,०४० रुपये. बाकीचे परत मिळतात, पण विवरणपत्र भरल्यावर. म्हणून आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र दरवर्षी आधीच काढा.

लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणीला अंगठा लागतो, तुमचा अंगठा टोरांटोत. तेव्हा निघण्यापूर्वी विश्वासू नातेवाइकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. त्यात कामं नावनिशीवार लिहा: करार करणं, नोंदवणं, भाडं एनआरओमध्ये भरणं, वीजबिल, सोसायटीशी पत्रव्यवहार. विक्रीचा अधिकार देऊ नका. राहूनच गेलं आणि तिकडे भारतीय वकिलातीत करावं लागलं, तर ते पत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांक शुल्क भरायचं असतं. ही मुदत बहुतेकांची चुकते.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायला विसरू नका.

प्रश्न : सुनेसाठी दुबईला आणि लेकीसाठी सिडनीला फराळ, मसाले पाठवायचेत. काय चालतं? (एक वाचक, दादर)

उत्तर : अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. अनारशावरची खसखस तुम्हाला दिसते, पण गोडा मसाल्यातली आणि वाटणातली दिसत नाही. दुबईसाठी मसाला खसखस न घालता वेगळा भाजा. ओळखीच्या दुकानातून आणत असाल तर आत काय आहे ते विचारा. सौदीतही हीच गोष्ट.

सिडनीला खव्याचं, दुधाचं काही नको: पेढे, बर्फी, खव्याची करंजी. ओल्या नारळाची करंजी टिकतही नाही. चकली, शेव, चिवडा जातो, पण विमानात मिळणाऱ्या कार्डावर ‘खाद्यपदार्थ आहेत’ या प्रश्नाला ‘हो’ लिहायचं. लिहिलं आणि वस्तू चालत नसेल, तर ती फक्त काढून घेतात. लिहिलं नाही तर दंड. न्यूझीलंडमध्ये तो जागेवर ४०० डॉलर आहे. युरोपात कुणी असेल तर तिथेही दूध आणि मांसाचे पदार्थ नकोत, तूप आणि चक्का धरून. हापूस आणि कढीपत्ताही सरकारी वनस्पती-प्रमाणपत्राशिवाय नाही. मेतकूट, भाजणी, कोरडा गोडा मसाला, पापड याला अडचण येत नाही.

निघताना मुंबई विमानतळावरच अडतात त्या दोन वस्तू घरोघरच्या आहेत: सुकं खोबरं आणि कापूर. दोन्ही पेट घेणारे म्हणून चेक-इन बॅगेतूनही काढून ठेवतात. खोबरं भाजून मसाल्यात वाटलेलं असेल तर प्रश्न नाही. विळी चेक-इनमध्ये, पात्याला पुठ्ठा बांधून. पॉवर बँक उलट, केबिनमध्येच.

प्रश्न : मिक्सर आणि कुकर न्यावा का? (एक वाचक, परळ)

उत्तर : जर्मनी, ब्रिटन, अमिरातीत वीज आपल्यासारखी २३० व्होल्टच्या आसपास, ५० हर्ट्झ. मिक्सर चालतो, फक्त पिन बदलते. त्यासाठी अर्थिंग असलेला चांगला अडॅप्टर घ्या. दोन पिनांचा पन्नास रुपयांचा अडॅप्टर ७५० वॉटच्या मोटारीला तापतो. अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिथे इथला मिक्सर नेऊ नका. ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड पडतो. ११० व्होल्टचा भारतीय पद्धतीचा मिक्सर तिकडेच मिळतो.

कुकर न्याच, पण स्टीलचा आणि इंडक्शनच्या बुडाचा. ॲल्युमिनियमचा जुना कुकर इंडक्शनवर तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते दुकानातच पाहा. दोन रबरी रिंगा आणि दोन सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच मॉडेलचे घ्या, कारण तिकडे मिळतील ते भलत्याच मापाचे.

प्रश्न : आई मुलाकडे तोक्योला तीन महिने जाणार. मधुमेह, रक्तदाब. औषधांचं कसं करावं? (एक वाचक, माहीम)

उत्तर : जपानमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं एक महिन्यापुरतीच परवानगीशिवाय नेता येतात. तीन महिन्यांची न्यायची तर ‘युन्यु काकुनिन-शो’ हे आयात-प्रमाणपत्र निघण्यापूर्वी ऑनलाइन काढावं लागतं. सर्दीच्या गोळ्यांवर नीट लक्ष द्या: ज्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त आहे त्या तिथे बंदीच्या यादीत आहेत, आणि आपल्याकडच्या कित्येक साध्या गोळ्यांत ते असतं. कोडीनचं खोकल्याचं औषधही घरी ठेवा.

चिठ्ठी इंग्रजीत, औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि दिवसाला किती अशी लिहून घ्या. ब्रँडचं नाव तिथल्या डॉक्टरला काही सांगत नाही. गोळ्या पाकिटातच ठेवा, डब्यात काढून नेऊ नका. इन्सुलिन असेल तर हातातल्या बॅगेत, कारण सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वापरायचं नसतं.

प्रश्न : भारतातला मोबाइल नंबर बंद करू का? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : अजिबात नाही. आधार, बँक, आयकर, डीमॅट, सगळ्यांचा ओटीपी त्यावरच येणार. नंबर तुमच्याच नावावर आहे ना ते पाहा. वडिलांच्या किंवा जुन्या कंपनीच्या नावावर असेल तर आधी बदला. शक्य असेल तर इथेच ई-सिम करून घ्या, म्हणजे फोनमधली दुसरी जागा तिकडच्या सिमला मोकळी राहते. ई-सिम करतानाही एसएमएस येतो, तो भारतात असतानाच सोपा. रोमिंग चालू करून ठेवा. बहुतेक योजनांत येणाऱ्या एसएमएसला पैसे लागत नाहीत, पण डेटा रोमिंग बंदच ठेवा. सगळ्यात स्वस्त वैधतेचा रिचार्ज घरच्या कुणाला दर खेपेला करायला सांगा आणि तारीख दोघांच्या फोनमध्ये टाका. महिन्यातून एकदा त्या नंबरवरून एखादा एसएमएस पाठवा, नाहीतर न वापरलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला दिला जातो. अमेरिका, ब्रिटन, अमिरातीसारख्या काही देशांतल्या नंबरवर एनआरई-एनआरओ खात्याचं यूपीआय चालतं. आधारचा ओटीपी मात्र भारतीय नंबरवरच येतो.